टायर नवे, व्हॉल्व्ह जुना: डाव्या मागच्या चाकाचं प्रकरण

गाडी रत्नागिरीतली, २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक. स्टीलचे रिम, वर प्लॅस्टिकचे व्हीलकव्हर, १६५/८० आर१४ मापाचे ट्यूबलेस टायर. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा ३० पीएसआय. तक्रार एकच: डावं मागचं चाक आठवड्याभरात बसल्यासारखं दिसायचं. पंक्चरच्या दुकानात दोन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या खेपेला टायर पाण्यात फिरवून "पंक्चर नाही" असं सांगितलं गेलं, दुसऱ्या खेपेला व्हॉल्व्हची पिन, म्हणजे आत हवा अडवणारा भाग, बदलली. हवा जातच राहिली.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का होता, १८२२. म्हणजे टायर २०२२ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला. व्हॉल्व्ह मात्र गाडीबरोबर आलेलाच होता. चारही टायर बदलताना तीस-चाळीस रुपयांची रबरी नळी तेवढी कोणी बदलली नाही. नवा टायर चढवताना नवा व्हॉल्व्ह टाकायचा हा या धंद्यातला साधा नियम. टायर उतरलेलाच असतो, व्हॉल्व्ह बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. नंतर हेच काम करायला अख्खा खटाटोप करावा लागतो.

आधी मोजणी

चारही चाकांत सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, ३० पीएसआय हवा भरली. आठ दिवसांनी त्याच वेळी, त्याच गेजने मोजली. तीन चाकांत २९ ते २९.५, डाव्या मागच्यात २३. गेज किती अचूक आहे याला इथे फारसं महत्त्व नाही, गेज तोच असायला हवा. वेळही तीच हवी, कारण तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. दुपारी तापलेल्या टायरात भरलेली आणि पहाटे मोजलेली हवा यांची तुलना करून अनेक धडधाकट टायर "लीक" ठरवले जातात. निरोगी टायरही रबरातून महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतोच.

दुसरी मोजणी जास्त बोलकी होती. गाडी आंबा घाटाने कोल्हापूरला जाऊन आली, आणि उभ्या गाडीत आठवड्याभरात जेवढी हवा जायची तेवढी त्या एका दिवसात गेली. पंक्चर असतं तर खिळ्याची जागा पाण्यात दिसली असती. पिन गळत असती तर उभ्या आणि चालत्या गाडीत एवढा फरक पडला नसता. चाक फिरताना जे उघडतं आणि थांबल्यावर मिटतं असं काहीतरी शोधायचं होतं.

बुडबुडे कुठे येतात

व्हॉल्व्हमधून हवा तीन ठिकाणी जाऊ शकते: पिनेतून, नळीच्या रबरातून, किंवा रबर रिमच्या भोकात जिथे बसतं तिथून. तिन्हींवर उपाय वेगळा, म्हणून आधी जागा नक्की करायची.

व्हीलकव्हर काढलं. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर भांडी घासायच्या साबणाच्या दाट पाण्याचा थेंब ठेवला. एक मिनिटभर पडदा तसाच राहिला. म्हणजे पिन ठीक. मग बुडाशी, रबर रिममधून बाहेर येतं तिथे साबण सोडला. काही नाही. त्यानंतर व्हॉल्व्ह बोटाने हलकेच वाकवला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या बाजूला वाकवला, काही नाही. डावी-उजवीकडे, काही नाही. रिमच्या कडेकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाला वाकवला आणि बुडाच्या हबकडच्या बाजूला राईएवढ्या बुडबुड्यांची ओळ उमटली. सोडला की थांबली.

दुकानातल्या टाकीत हे दिसलं नाही याचं कारण एवढंच की तिथे व्हॉल्व्ह कोणी वाकवला नव्हता. पाण्यात चाक स्थिर असतं, भेग मिटलेली असते. रस्त्यावर गोष्ट वेगळी. या टायरची त्रिज्या सुमारे ३१ सेंमी, व्हॉल्व्ह मध्यापासून साधारण १६ सेंमीवर. गाडी ताशी ८० किमीने जात असेल तर त्या जागी केंद्रापासून दूर ढकलणारा जोर वस्तूच्या वजनाच्या ८० पटींहून जास्त होतो. पाच ग्रॅमची धातूची टोपी तिथे चारशे ग्रॅमची होऊन व्हॉल्व्हच्या टोकाला लोंबकळते आणि त्याला बाहेर, रिमच्या कडेकडे वाकवते. बोटाने ज्या दिशेला वाकवल्यावर बुडबुडे आले, तीच ही दिशा. या गाडीवर हौसेने लावलेल्या जड पितळी टोप्या होत्या. साधी प्लॅस्टिकची टोपी एका ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत धातूच्या टोप्या आट्यांवर धरतात, आणि पक्कडीने त्या सोडवताना व्हॉल्व्हच पिळला जातो.

भेग का पडली

रबराला हवेतला ओझोन खातो, पण सगळीकडे सारखा नाही. ताणलेल्या रबरावर तो पटकन चालतो आणि भेगा ताणाच्या दिशेला आडव्या पडतात. हा व्हॉल्व्ह कायमचा ताणलेला होता. व्हीलकव्हरला व्हॉल्व्हसाठी एक खाच असते. टायर बदलताना कव्हर परत बसवलं ते किंचित फिरलेलं. खाचेची कड व्हॉल्व्हच्या मानेवर टेकून त्याला बाहेरच्या बाजूला दाबत होती. मानेवर चकचकीत घासल्याची खूण दिसत होती. म्हणजे हबकडची बाजू चोवीस तास ताणलेली, वरून ऊन, त्यात दहा वर्षांचं वय. भेग तिथे पडली नसती तरच नवल.

बनावटीतही खोट असू शकते. २००८ मध्ये अमेरिकेत चीनमधून आलेले लाखो रबरी व्हॉल्व्ह परत मागवावे लागले, ते अशाच ओझोनच्या भेगांमुळे. दुकानात व्हॉल्व्ह घेताना तो बोटात दुमडून बघावा. रबरावर बारीक जाळी उमटली तर तो डब्यात पडून जुना झालेला आहे, दुसरा मागावा.

सामान

या रिमच्या भोकाचं माप सुमारे ११.५ मिमी. त्यासाठी चालणारा नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह म्हणजे टीआर४१३. टीआर४१२ त्याच भोकात बसतो पण आखूड असतो, व्हीलकव्हरखाली गेल्यावर हवा भरायचं तोंड त्याच्यापर्यंत पोचत नाही. टीआर४१४ थोडा लांब, जास्त हलतो. जो होता त्याच लांबीचा घ्यावा. टीआर४१५ मोठ्या, सुमारे १५.७ मिमीच्या भोकाचा आहे, चुकून तो आला तर बसणारच नाही. हे व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या थंड दाबासाठी असतात. मालवाहू गाड्यांत त्याहून जास्त दाब लागत असेल तिथे ते चालत नाहीत.

व्हॉल्व्ह दोन घ्या. का, ते पुढे येईल.

बाकी लागलं ते असं: गाडीचा जॅक आणि व्हीलपाना, फुगलेली स्टेपनी, पिन काढायची चावी, व्हॉल्व्ह ओढायचा पुलर, पाच सेंमी जाडीची चार फुटी फळी, वीतभर लाकडी ठोकळा, धारदार ब्लेडचा कटर, २४० नंबरचा पॉलिश पेपर, साबणाचं पाणी, खडू, आणि बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप. पुलर म्हणजे टोकाला आटे असलेली दांडी. व्हॉल्व्हच्या आट्यांवर चढवायची आणि रिमला टेकवून ओढायची. स्वस्त अवजार आहे, त्याच्याशिवाय हे काम करू नये. आटे पक्कडीने धरून ओढले की आटे गेले.

टायरात दाबमापक सेन्सर असेल तर इथेच थांबा. अशा चाकात व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर जोडलेला असतो, आणि टायरच्या कडा दाबताना तो सहज मोडतो. या गाडीत तो नव्हता.

चाक उतरवून कड सोडवणं

हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वीट. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक. चाक निघालं की तिथे स्टेपनी चढवून गाडी खाली घेतली. जॅकवर गाडी ठेवून हे काम करत बसू नये. त्यात कधी दोन तास जातात, आणि पुढच्या पायरीला गाडीच लागते.

व्हॉल्व्हसमोर टायरवर आणि रिमवर मिळून खडूची एक रेघ मारली. शेवटी ती जुळली तर टायर रिमवर फिरलेला नाही आणि बॅलन्सिंग बिघडलेलं नाही. नंतर पिन पूर्ण काढली आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबलो. टायर हाताने दाबला तर मऊ लागला पाहिजे. पिन ठेवून टायरची कड सोडवायला जाऊ नका. थोडी उरलेली हवाही टायर उसळवते.

टायरची तारेची कड, म्हणजे बीड, रिमच्या बैठकीवर घट्ट धरून बसलेली असते. या प्रकरणात खाऱ्या हवेने गंज धरल्यामुळे जास्तच. पूर्ण टायर उतरवायची गरज नाही. व्हॉल्व्हजवळची, बाहेरच्या बाजूची कड तेवढी खाली गेली की हात आत जातो.

चाक जमिनीवर आडवं, बाहेरची बाजू वर. कडेच्या फटीत साबणाचं पाणी सोडून दहा मिनिटं थांबायचं. फळीचं एक टोक व्हॉल्व्हशेजारी टायरच्या भिंतीवर, रिमच्या ओठापासून एक-दीड सेंमी अलीकडे. दुसरं टोक जमिनीवर, गाडीच्या पुढच्या चाकासमोर. मग गाडी अगदी सावकाश फळीवर चढवायची. इंजिन पुढे असल्याने अशा गाडीच्या पुढच्या एका चाकावर अडीचशे किलोंच्या वर भार असतो, आणि पाऊण फळी चढेपर्यंत त्यातला बराच टायरच्या भिंतीवर येतो. एक माणूस चालवायला, एक बाजूला उभं राहून बघायला. समोर कोणीही नाही. फळी रिमच्या ओठावर टेकली तर ओठ दबतो, आणि मग जन्मभर तिथून हवा जाते, म्हणून ते दीड सेंमी सोडायचंच. टायर एकदम खचल्यासारखा झाला की कड सुटली. गाडी मागे घ्यायची.

जवळ खोल घशाचा मोठा सी-क्लॅम्प असेल तर फळीची गरज नाही, पण एवढ्या उंच भिंतीचा (मापातला ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची) टायर गिळेल एवढा क्लॅम्प घरात क्वचितच असतो. नुसतं चाक स्कूटरवर टाकून पंक्चरवाल्याकडून कड सोडवून आणणं हाही वाईट मार्ग नाही.

बाहेरून व्हॉल्व्ह ढकलायची अवजारंही मिळतात, कड न सोडवता काम होतं. त्यात जुन्या व्हॉल्व्हचा तुकडा टायरच्या आत राहतो आणि रिमच्या भोकाची आतली कड बघायलाच मिळत नाही. या चाकात नेमका तिथेच दुसरा घोळ निघाला, त्यामुळे तो मार्ग इथे फसला असता.

जुना काढून नवा

कड खाली दाबून फटीत ठोकळा उभा केला. सात-आठ सेंमीची फट पुरते. ठोकळा नीट बसल्याशिवाय बोटं आत घालायची नाहीत.

व्हॉल्व्हचं आतलं बूड चकतीसारखं पसरट असतं. कटरने ती चकती रिमच्या पातळीत आडवी कापली आणि उरलेली नळी बाहेरून ओढून काढली. चकती हातात आली याची खात्री केली. आत राहिलेला तुकडा चालत्या चाकात गडगडत राहतो. बाहेर आलेली नळी वाकवून बघितली: हबकडच्या बाजूला बुडापासून दोन मिमी वर, नळीच्या जवळजवळ एक तृतीयांश परिघावर पसरलेली भेग. वाकवली की आतलं पितळ दिसत होतं.

भोकाभोवती आतून गंजाचे पापुद्रे होते. पॉलिश पेपरची सुरळी करून भोकाची कड आणि आजूबाजूचा बोटभर भाग घासला, फडक्याने पुसला. कानस वापरली नाही. कानस भोक लंबगोल करते. भोक खड्डे पडून मोठं झालेलं असेल तर रबरी व्हॉल्व्ह धरणार नाही. मग नट आणि रबरी वायसर असलेला धातूचा व्हॉल्व्ह टाकावा किंवा रिम बदलावा.

नव्या व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, रॉकेल तर मुळीच नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबण सुकून जातो आणि पकड येते. व्हॉल्व्ह आतून भोकात घातला, पुलर आट्यांवर पूर्ण चढवला, रिमवर फडकं ठेवून त्यावर दांडी टेकवली आणि ओढलं.

पहिला व्हॉल्व्ह वाया गेला. ओढ तिरकी झाली, आणि भोकाच्या आतल्या कडेवर पॉलिश पेपरमधून सुटलेला गंजाचा एक बारीक कंगोरा होता. व्हॉल्व्ह बसला, दिसायलाही ठीक दिसला. पण भोकात बसणाऱ्या खाचेला केसासारखा काप गेला होता, तो बोट आतून फिरवल्यावर कळला. तसाच ठेवला असता तर हवा भरून, चाक चढवून, आठवड्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून. तो कापून काढला. कंगोरा शोधायला कापूस फिरवला, अडकला तिथे पुन्हा घासलं, उघड्या पडलेल्या लोखंडावर पातळ रंग मारून पूर्ण वाळू दिला. दुसरा व्हॉल्व्ह भोकाच्या रोखाने अगदी सरळ ओढला. टक् असा आवाज आला आणि फुगवटा बाहेर आला. बाहेरून फुगवट्याचं वर्तुळ सगळीकडे सारखं, आतून बूड रिमला सपाट चिकटलेलं. असं दिसलं तरच बसला म्हणायचं.

कड परत बसवणं

ठोकळा काढला. कडेवरची आणि रिमच्या बैठकीवरची घाण पुसून साबण लावला. पिन न लावताच पंप जोडला, म्हणजे हवा मोकळी आत जाते. घरगुती पंपाची हवा मंद असते. कड एका बाजूलाच सुटलेली असेल तर बहुधा पुरते, नसेल तर चाक उभं करून जमिनीवर दोन-तीनदा आपटायचं, तरीही फट राहिली तर सामान बांधायचा पट्टा टायरच्या मधल्या घेरावर आवळायचा. पट्ट्याने टायरच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात. थोडी हवा धरली की पट्टा लगेच काढायचा. स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ बघण्यापुरतेच ठेवा.

फट् असा आवाज येऊन कड बसते. ४० पीएसआयच्या वर कधीही जायचं नाही. तोपर्यंत कड बसली नाही तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा. या वेळी चाकावर वाकून उभं राहू नये आणि बोटं कडेपासून लांब ठेवावीत. इथे २६ पीएसआयला कड बसली. रिमला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं. खडूची रेघही जुळली.

मग पंप काढला. हवा जोरात बाहेर येते तेव्हा पिन हातातून उडते, म्हणून टायर रिकामा होऊ दिला. कड आता जागा सोडत नाही. नवी पिन चावीने बसवली, टेकल्यावर पाव फेऱ्याहून कमी. पिनेच्या मानेला मऊ वायसर असतो, जोराने पिळला की तो चेपतो आणि नवीच पिन गळायला लागते. हवा ३० पर्यंत भरली.

तपासणी पहिल्यासारखीच: तोंडावर साबणाचा थेंब, बुडाशी साबण, व्हॉल्व्ह चारही दिशांना वाकवून. शिवाय सुटलेल्या कडेच्या पूर्ण भागावर साबण. कुठेही बुडबुडा नाही. स्टेपनी काढून चाक चढवलं, नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळले, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे. पन्नास-साठ किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा बघितले.

व्हीलकव्हर बसवताना खाच व्हॉल्व्हच्या बरोबर मध्ये आणली. दोन्ही बाजूंना आगपेटीची काडी फिरेल एवढी जागा. चारही चाकांवरच्या पितळी टोप्या काढून प्लॅस्टिकच्या टाकल्या.

आठ दिवसांनी डाव्या मागच्या चाकात २९.५. उरलेल्या तीन व्हॉल्व्हपैकी उजव्या पुढच्याच्या मानेवर वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसल्या, हवा अजून जात नव्हती. ती तिन्ही चाकं घरी न उघडता दुकानात नेऊन एकाच खेपेत व्हॉल्व्ह बदलून घेतले, आणि त्या तीन चाकांची व्हीलकव्हर तिथे परत न चढवता डिकीत टाकून घरी आणली.